हिरालालला अटक झाल्याचा फोन

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मला अटक झाली. म्हणजे फोनवर.

सकाळी सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, उन्हाला बसलो होतो, चहाची बशी हातात. फोन वाजला. पलीकडून कडक आवाज. "हिरालाल इतवारी यांना अटक करण्यात आली आहे. नातेवाईक म्हणून आपल्याला कळवतो आहे." मी म्हटलं, "साहेब, हिरालाल इतवारी मीच होय. मी तं घरी बसून चहा पिऊन राहिलो." तो म्हणाला, "मस्करी करता का?" मला इतकं हसू आलं की बशीतला चहा धोतरावर सांडला. तो कुठल्यातरी ठाण्याचं नाव सांगत होता, तेवढ्यात मी लाल बटण दाबलं.

सून ज्योत्सना ओसरीत तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं मामाजी. फोनवरच अटक करतेत अन् पैसे मांगतेत. पुन्हा आला तं कापूनच टाका." लाखनीत कुण्या रिटायर माणसाला असंच फसवलं म्हणे. मला आपला थोडा अभिमान वाटला. सातवी पास ढीवर, जन्मभर मासे मारलेले, पण फसलो नाही.

नातू खेमराज घरी असता तर त्याला हा किस्सा नाटक करून सांगितला असता. तो शनिवारी गेला, पलीकडच्या तालुक्यातल्या देवबोडीच्या तलावावर राखणीला. आठ दिवसांची पाळी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमा. बांधावर उभा राहून चंद्र पाहिला. कापलेल्या धानाच्या कळपा शेताच्या बांधीत आडव्या पडलेल्या, त्यांच्यावर चांदणं.

चौथीत शेंडे गुरुजींनी तळ्यात उतरलेल्या चांदण्याची कविता शिकवली होती. सकाळी आधी हजेरी, मग कविता. हजेरीचं पुस्तक मिटलं की गुरुजी डोळेही मिटायचे आणि चाल लावायचे. आम्ही पोरं मागून म्हणायचो. ढिवराची पोरं बसत मागच्या ओळीत, पण आवाज आमचाच मोठा, कारण तलावावर हाका मारायची सवय. तीन कडवी मला अजून येतात. चौथं काही केल्या येत नाही. खेमराजला म्हटलं, मोबाईलवर शोध. त्यानं शोधलं, सापडलं नाही. म्हणाला, "आजा, शेवटचं कडवं तूच लिही आता."

तो माझ्याच तोंडवळ्याचा. तेच नाक, तशीच मान वाकडी करून ऐकणं. मासेमार संस्थेत सभासद अजून मीच आहे, कारण नवीन सभासद घेणं कित्येक वर्षांपासून बंद आहे. तलावात हक्क फक्त सभासदाचा. म्हणून जाळं टाकतो खेमराज, आणि वजनाच्या काट्यावर मासे चढतात माझ्या नावानं. घरोघरी असंच आहे. काट्यावरचा गजरू हाक मारतो, "हिरालाल, आण तुझी खेप!" आणि चोवीस वर्षांचा हिरालाल टोपलं घेऊन पुढे होतो. बाहेरगावचे गडी तर त्याला त्याच नावानं ओळखतात. मला मोठी गंमत वाटते. माणूस म्हातारा झाला आणि नाव तरुण राहिलं.

फोन लावला, बंद लागतो. तिकडे लाईट नसेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

छोटू आला. नाव छोटू, पण गडी चाळिशीचा. खेमराजसोबत राखणीला हाच गेला होता. अंगणात आला आणि उभाच राहिला, बसेना.

"काहून गा, आठ दिवस झाले नाही तं आलास?"

"काका, रविवारी राती लय मारामारी झाली."

दुसऱ्या गावचे लोक तलावात जाळं ओढायला आले होते. आपल्या संस्थेचे सहा-सात जण होते. आमच्या गावचे हे दोघंच, बाकी नदीकडचे. काठ्या निघाल्या, एकाचं डोकं फुटलं, कोणीतरी पोलिसांना फोन केला. गाडी आली तसे जे पळू शकले ते पळाले. छोटू जंगलातून बहिणीच्या गावी गेला आणि भीतीनं तिथेच दबून बसला.

ज्योत्सनानं विचारलं, "अन् माहा खेमराज?"

"धुकं होतं वहिनी. मले दिसला नाही. पोलिसायनं चार-पाच जण उचलले. पण..."

"पण काय?"

"डोंगा उलटा झालता. त्याची चप्पल काठावर होती म्हणतेत."

 ज्योत्सनानं सुपातले तांदूळ परत डब्यात ओतले आणि पुन्हा सुपात घेतले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

देवबोडीला गेलो. चप्पल त्याचीच. डाव्या अंगठ्याला मीच तार बांधून दिली होती. चिखलात मोबाईलही सापडला.

आम्ही पाण्याची माणसं. पाणी माणसाला दोन-तीन दिवसांत वर देतं हे आम्हाला माहीत आहे. रविवारपासून आज शुक्रवार. पण देवबोडीत कमळाचे वेल आहेत, ते धरून ठेवतात, हेही माहीत आहे. गावातले लोक म्हणाले, जाळं ओढून पाहू. मी म्हटलं, मी टाकतो. छोटू म्हणाला, "काका, तुम्ही नका." मी टाकलं. साठ वर्षांत जाळं टाकताना मनात एकच मागणं असायचं की काहीतरी लागू दे. आज उलटं मागत होतो.

दोन कतला, वेल, एक फाटकी चादर. बाकी काही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

ज्योत्सना रात्रभर एकच वाक्य म्हणत होती, "पोलिसायनंच नेला असन मामाजी. नेलाच असन." असं मागणं मागणारी आई मी पाहिली नव्हती.

आमच्या इकडच्या ठाण्यात विचारलं, ते म्हणाले हद्द आमची नाही. मग बस बदलून तिकडच्या ठाण्यात गेलो. गेटजवळ काचेच्या पेटीत अटक झालेल्यांच्या नावांचा कागद लावलेला असतो. कायद्यानंच लावावा लागतो म्हणे. पण काचेच्या आत ओल गेली होती आणि शाई पसरून सगळी नावं एकमेकांत मिसळलेली. मागच्या महिन्याचा कागद असावा.

आत टेबलावर एक पोलीसबाई होती. छातीवर नाव, रश्मी. पोरगी चांगली होती, खुर्ची दिली, पाणी दिलं.

मी म्हटलं, "बाई, रविवारी देवबोडीवरून जे नेले त्यात माझा नातू आहे का, एवढंच पाहून सांगा. आहे म्हणा. तुमचे उपकार होतील."

"आहे म्हणू काय बाबा? आजवर तं लोक नाही म्हणा म्हणून येतेत." तिनं कॉम्प्युटरकडे तोंड केलं. "नाव सांगा."

"खेमराज."

ती वाचत गेली. "मंगल... दुर्योधन... हिरालाल... सुखदेव... खेमराज नाही बाबा."

"माझंही नाव हिरालाल," मी म्हटलं. काही सुचेनासं झालं की मी असं काहीतरी बोलतो.

"हो का? एक हिरालाल आत आहे, एक बाहेर," ती हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली. "पुन्हा पाहते." पुन्हा पाहिलं. खेमराज नाही. चौघं सोमवारीच कोर्टात उभे केले आणि भंडाऱ्याच्या जेलात गेले. पूर्ण कागद दाखवता येत नाही, दुसऱ्यांची माहिती असते. नाव सांगाल त्याचंच सांगू.

"त्यांच्या घरी तरी कळवलं का?" मी विचारलं.

"तं! लगेच फोन करा लागते. एकाच्या घरी तं आमच्या हवालदारानं फोन केला अन् तिकडचा माणूस खो-खो हसला म्हणे. हसून फोन ठेवून दिला. तेव्हापासून कोणी भेटीले आलं नाही त्याच्या."

कसले लोक असतात! पोरगा कोठडीत, आणि घरी हसतात. येताना बसमध्ये त्या पोराचाच विचार करत होतो. खेमराज हरवल्याची नोंद करून आलो. उंची, रंग, डाव्या भुवईवर खूण. शेवटचं कुठे पाहिलं, या रकान्यात मी 'आमच्या अंगणात' सांगितलं. बाईंनी खोडून देवबोडी लिहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

शेजारच्या खुशबूनं मोबाईलवर पोलिसांची साईट उघडून दिली. अटक झालेल्यांची नावं त्यातही असतात. जिल्हा निवडा, ठाणं निवडा, नाव टाका. खेमराज टाकलं. खेमराज इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी टाकलं. काही आढळलं नाही, असंच येतं. भंडाऱ्याच्या कंट्रोल रूमला फोन केला, त्यांनीही नावच विचारलं, आणि तेच उत्तर.

मग वकील उर्वशीबाईंकडे गेलो. त्यांचे वडील माझ्या वर्गात होते, पुढच्या ओळीत. त्या म्हणाल्या, "काकाजी, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू. एरवी महिना लावतात. पण जीव आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असला की दोन दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तसं वरच ठळक लिहा."

अर्ज मी स्वतः लिहिला. जन माहिती अधिकारी यांस. अटक नोंदवहीतील नोंद, अटकेचा पंचनामा, नातेवाइकास कळवल्याची नोंद यांच्या प्रती मिळाव्यात. मग लिहिलं, 'माझा नातू पाण्यात नसून आपल्याकडे आहे, एवढे एक वाक्य आपण लिहून दिल्यास आमच्या घरात पुन्हा चूल पेटेल.' उर्वशीबाईंनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे राहू द्या. पण नाव नीट, पूर्ण लिहा. उत्तर नावावरच येतं."

नाव मी सुंदर अक्षरात लिहिलं. खेमराज राजकुमार वलथरे. ओळखपत्राची प्रत मागितली तेव्हा संस्थेचा पास शोधला, सापडला नाही. तरुणपणीचा फोटो आहे त्यावर, जपून ठेवला होता. कुठे गेला कोण जाणे. आधार कार्ड जोडलं.

राजकुमारला, म्हणजे माझ्या मुलाला, हैदराबादला फोन केला. ठेकेदार सोडत नाही म्हणतो. फोनवर रडला. ज्योत्सनानं फोन हातात घेतला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उत्तर आलं. 'आपण नमूद केलेल्या नावाच्या व्यक्तीस या ठाण्यात अटक केल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही.' शिक्का, सही, तारीख. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

ज्योत्सनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." वाचलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा मी कागदच तिच्यापुढे धरला. तिनं कागद घेतला, घडी केली आणि देव्हाऱ्याखाली ठेवला. कशाला ठेवला, विचारलं नाही.

पोलीस खोटं लिहिणार नाहीत. एवढी सही-शिक्क्याची गोष्ट. म्हणजे तो तिथे नाही. म्हणजे कुठे आहे हे उरलेलं वाक्य मी या वहीत लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कविता वाचावी म्हटलं. जुनं पुस्तक उघडलं. एकही ओळ आत गेली नाही.

शकुनबाई आली होती, भावकीतली, सल्ला द्यायला. "आता किती दिवस वाट पाहाल? दशक्रियेचं काय ते ठरवा." ज्योत्सनानं तिच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "पिऊन घ्या काकी, अन् निघा." मी पहिल्यांदाच तिला असं बोलताना ऐकलं. शकुनबाईनं चहा मात्र पूर्ण प्याला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घाईत लिहितो आहे, अक्षराला नावं ठेवू नका.

सकाळी ज्योत्सना म्हणाली, "मामाजी, घरात मीठभाकर पाहिजेन का नाही? तलावावर जा." इतक्या दिवसांनी गावच्या तलावावर गेलो. आज आमच्या भागाचं जाळं होतं. लोकांनी माझ्या वाट्याचं टोपलं भरून ठेवलं होतं, मला पाण्यात उतरू दिलं नाही. मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पिंपळाखाली बसलो. काटा लागला. गजरू एकेक नाव पुकारत होता. माणसं पुढे होत होती, मासे चढत होते.

गजरूनं हाक मारली, "हिरालाल!"

कोणी पुढे झालं नाही.

"हिरालाल! काहून गा, झोपला का?"

मी पाण्याकडे पाहत बसलो होतो. त्या हाकेत माझं काही आहे असं मला वाटलंच नाही. पाच वर्षं झाली, त्या हाकेला खेमराजच ओ देतो. माझे कानच ते विसरले. गजरूनं वर पाहिलं, त्यालाही मग आठवलं. त्यानं जीभ चावली. 

आणि मी उठून उभा राहिलो.

मंगल, दुर्योधन, हिरालाल, सुखदेव.

तलावावर कोणी विचारलं, तू कोण, कोणाच्या हक्कानं इथं आहेस, तर आमचं कोणतंही पोरगं स्वतःचं नाव सांगत नाही. सभासदाचं सांगतं. स्वतःचं सांगितलं तर तो चोर ठरतो. पोलिसांनी विचारलं असेल. खिशात माझा पास असेल, फोटो तर त्याच्याचसारखा. आणि नातेवाइकाचा नंबर मागितला तर पोराला पाठ असलेला एकच नंबर, माझा. कधी न बदललेला.

त्यांनी मला फोन केला होता. मी हसलो होतो.

टोपलं तिथेच टाकून घरी पळालो. पळालो म्हणजे या वयात जेवढं पळता येतं तेवढं. ज्योत्सनाला सांगितलं.  ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "मीच म्हटलं होतं कापा म्हून." आणि माझ्या पायाला हात लावला. मी काय आशीर्वाद देणार?

तो पाण्यात नाही. तो आत आहे. आज घरात चूल पेटली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटेच भंडाऱ्याला. ज्योत्सनानं पोह्याचा डबा, स्वेटर, नवी चप्पल घेतली. भेटीच्या खिडकीवर माणसानं विचारलं, "कोणाला भेटायचं?"

"हिरालाल इतवारी वलथरे."

"तुमचं आधार." मी दिलं. त्यानं कार्ड पाहिलं, रजिस्टर पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "बाबा, स्वतःलेच भेटाले आले का?" मागचे लोक हसले.

मी समजावून सांगू लागलो की आत जो आहे तो हिरालाल नाही, खेमराज आहे. त्याचं तोंड बदललं. म्हणाला, "म्हणजे खोटं नाव सांगून आत आला? हे इथं बोलू नका. वकील घेऊन या."  ज्योत्सना पुढे झाली, "साहेब, मी माय होय त्याची." तिचं कार्ड मागितलं. त्यावर पतीचं नाव राजकुमार हिरालाल. आतल्याच्या बापाचं नाव इतवारी. "आई कशी होईल बाई? कागदावर तर तुम्ही त्याच्या सुनेसारख्या दिसता."

स्वेटर घेतलं नाही, पोहे घेतले नाहीत. भिंतीपलीकडे तो होता. ज्योत्सना भिंतीला पाठ लावून तासभर बसून राहिली. मी हलवलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उर्वशीबाईंनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिल्या.

"काकाजी, खरं सांगितलं तर पोलिसांना खोटं नाव सांगितल्याचं आणखी एक कलम लागू शकतं. नाही सांगितलं तर जामीन कसा घ्यायचा? ओळखीचा एकही कागद जुळत नाही. हिरालालचं आधार चौऱ्याहत्तर वर्षांचं, आरोपी चोवीसचा. अन् उद्या शिक्षा झाली तर ती तुमच्या नावावर."

"माझ्या नावावर होऊ द्या."

"शिक्षा नाव नाही भोगत काकाजी, पोरगा भोगतो."

पुढे म्हणाल्या, नाव दुरुस्तीचा अर्ज देऊ, त्याच्या वकीलपत्रावर सही आणते. पण तारीख मिळेल, मग पोलिसांचं म्हणणं मागवतील, मग पुन्हा तारीख. तोपर्यंत कोर्टात तो हिरालालच.

संध्याकाळी त्या जेलातून परत आल्या तेव्हा मी विचारलं, त्यानं आत कोणाला खरं का सांगितलं नाही? त्यांनी त्यालाही हेच विचारलं होतं. तो म्हणाला म्हणे, "घरी फोन केला तं आजा हसला. मले वाटलं रागानं हसला. नाव खराब केलं म्हून. मग कोन्या तोंडानं सांगू?"

याच्यापुढे आज लिहीत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तारीख होती. कोर्टाच्या व्हरांड्यात सकाळपासून उभे होतो. गाडी आली. चौघांना उतरवलं. खेमराज शेवटी. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. पासवरच्या फोटोतला मीच चालत आलो असं वाटलं. पोलिसानं हात धरला होता. ज्योत्सना पुढे सरकली, पोलीस म्हणाला, "लांबून बाई." तिनं लांबून पाहिलं. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मी सांगू कसं, इतक्या लोकांतून, की बाळा, मी रागानं नव्हतो हसलो? मी नुसते हात जोडले. आजानं नातवाला हात जोडलेले पाहून त्याच्या शेजारचा पोलीस चमकला.

आत बसलो. खूप वेळानं शिपायानं दारात उभं राहून पुकारलं, "हिरालाल इतवारी!"

ही हाक शेंडे गुरुजींच्या हजेरीची होती. तोच सूर, तीच घाई. तलावावर ज्या हाकेला मी ओ दिली नाही, तिला इथे मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर!"

त्याच क्षणी तिकडून खेमराज म्हणाला, "हजर."

वर बसलेल्या साहेबांनी कागदावरून मान उचलली. शिपाई माझ्यावर खेकसला, "एकच बोला! आरोपी कोण आहे?" उर्वशीबाईंनी माझा दंड धरून मला बाकावर बसवलं. मी बसलो. चौऱ्याहत्तर वर्षं वापरलेलं नाव, आणि त्याला ओ द्यायची मला मनाई.

शिपायानं पुन्हा पुकारलं. खेमराज एकटा उभा राहिला. यावेळी आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. पण मला दिसलं. त्याच्या तोंडावर थोडं हसू होतं, शाळेत पकडल्या गेलेल्या पोराचं. त्याला कळलं असावं. कळलं असेल तर बरं.

अर्ज घेतला. पोलिसांचं म्हणणं मागवलं. पुढची तारीख डिसेंबरात. चार मिनिटंही लागली नाहीत. त्याला परत नेलं. नवी चप्पल तेवढी एका पोलिसानं देऊ दिली.

घरी आलो. ज्योत्सनानं स्वेटर पुन्हा घडी करून पेटीत ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"मामाजी, उद्या काटा आहे ना?"

"आहे."

"तुम्ही थकले. मी जातो टोपलं घेऊन." मग माझ्या वहीकडे पाहून म्हणाली, "पण गजरूनं हिरालाल म्हून हाक मारली, तं ओ कोनं द्याची?"

मी वही उघडून बसलो आहे. ती अजून समोरच बसली आहे, उत्तराची वाट पाहत.